समोरून दिलेला डिपर

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज मादामनी आम्हा सगळ्या ड्रायव्हरांना ऑफिसात बोलावून नव्या बसचा फोटो दाखवला. पांढरीशुभ्र, सीटांवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलेलं नाही. मादाम स्पेसियोज म्हणजे आमच्या शाळेच्या मालकीणबाई. मोजकं बोलतात आणि बोललेलं विसरत नाहीत. म्हणाल्या, या टर्ममध्ये नोव्हेंबर संपेपर्यंत ज्याच्या गाडीवर एकही दंड येणार नाही त्याला या बसची चावी, आणि सगळ्या ड्रायव्हरांचा मुख्यही तोच.

बाकीचे तिघे इथलेच, रवांडाचे. तिघांनाही या टर्मला सोफियाने धरलंय. किगालीत वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्याला सगळे सोफियाच म्हणतात. का ते कुणाला माहीत नाही. म्हणजे उरलो आम्ही दोघे परके. मी युगांडातल्या कंपालाचा, आणि तो बुरुंडीचा लिबेर.

मला ती बस हवी आहे. इथे लिहूनच ठेवतो, म्हणजे उद्या स्वतःशी खोटं बोलायला नको. इतकी वर्षं या शहरात अंग चोरून गाडी चालवली. कंपालात पोलिसाने अडवलं तर खाली उतरून दोन शब्द बोलता येतात, आईच्या गुडघ्यांचं सांगता येतं. इथे सोफियाशी काय बोलणार? ती झाडाखाली तीन पायांवर उभी राहते, आणि मेसेज थेट मालकिणीच्या फोनवर जातो. तरीही टर्म कोरी ठेवली मी. एकदा तरी या गावात कुणी म्हणावं की कायोंगोसारखी गाडी कुणी चालवत नाही.

म्हणतात, पण ते लिबेरबद्दल म्हणतात.

बुधवार, ५ नोव्हेंबर

स्कोवियाचा गाळा गिसोझीच्या उताराच्या पायथ्याशी आहे. माझ्या बायकोच्या हातचे रोलेक्स खायला लांबून माणसं येतात. तव्यावरची गरम चपाती, तिच्यात कांदा-टोमॅटो घातलेलं अंडं गुंडाळलेलं. मी दुपारी तिथे थांबलो तर बाकड्यावर लिबेर बसलेला. त्याच्या रोलेक्समध्ये दोन अंडी. माझ्यात कायम एकच असतं, कारण माझं पोट सुटलंय म्हणे.

मी घरी विषय काढला. स्कोविया म्हणाली, एकटा माणूस आहे, त्याला घरी कोण करून घालतंय? म्हटलं, मग तुझ्याकडे तो सोफियावाला पोलीस येतो, तोही एकटाच असेल, त्यालाही घाल दोन. ती म्हणाली, त्याला मिरची जास्त लागते, अंडं एकच. असं हसून म्हणाली की पुढे भांडताच येईना.

मिरेंबेचं तर विचारूच नका. लेक माझी, सात वर्षांची, पण आमचं घर लिबेरच्या रस्त्यावर येतं म्हणून ती त्याच्या बसमध्ये. शेवटचा थांबा तिचाच, आईच्या गाळ्यापाशी. जेवताना तोंडात घास कमी आणि ‘लिबेरमामा’ जास्त. लिबेरमामा गाडी चालवताना गातो. लिबेरमामा खड्डा आला की आधी सांगतो. मी म्हटलं, मी पण गातो. ती म्हणाली, बाबा, तुम्ही शिव्या देता.

सोमवार, १० नोव्हेंबर

आज घातच झाला असता. पहाटे पंपावरून डिझेल भरून बाहेर पडलो आणि सरळ डाव्या बाजूला लागलो. जन्म गेला डावीकडून चालवण्यात. इथे सगळं उजवीकडून. एरवी चूक होत नाही, पण झोप पुरती उडालेली नसली की हात जुन्या सवयीने फिरतात. समोरून गाड्यांचे दिवे अंगावर आले तेव्हा कळलं.

त्यात सगळ्यात पुढे लिबेरची बस. त्याने हॉर्नसुद्धा वाजवला नाही. बस आडवी घातली, मागची सगळी रांग अडवली आणि हाताने खूण केली, वळव सावकाश. मी वळवली. मागचे मोटरसायकलवाले त्याच्या नावाने ओरडत होते.

शाळेत आल्यावर मी वाट बघत होतो की आता हा चहावर सगळ्यांना सांगून हसवणार. काही बोलला नाही. माझ्या कपात साखर घातली आणि विचारलं, कमी तर नाही ना पडली? म्हणजे गोष्ट आता त्याच्या खिशात. पाहिजे तेव्हा बाहेर काढेल. असल्या गप्प माणसांचा मला भयंकर राग येतो.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आम्हा ड्रायव्हर लोकांची एक रीत आहे. पुढे सोफिया मांडलेली असेल तर समोरून येणाऱ्याला दिव्यांचा डिपर द्यायचा, दोनदा. ओळख असो नसो. कंपालातही हीच रीत, लिबेरच्या बुजुम्बुरातही हीच. दोन देशांतल्या माणसांचं दुसरं काही जुळत नसेल, पण हे जुळतं. डिपर आला की पाय उचलायचा, नाही आला की रस्ता मोकळा.

लिबेर मला रोज देतो. मी तर मुंगीच्या चालीने चाललेलो असतो, तरी देतो. आज चौथ्यांदा दिला तेव्हा माझा तिळपापड झाला. मला काय दिसत नाही? की सगळ्यांना दाखवायचंय की बघा, मी कायोंगोला वाचवतो? स्कोवियाला सांगितलं तर म्हणाली, मिरेंबेचे बाबा, कुणी दिवा दाखवला तर त्याचंही तुमच्या पोटात दुखतं?

हो, दुखतं. तिला मी बोललो नाही, इथे लिहितो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर, दुपार

गाडीतच बसून लिहितोय. 

मुलं सोडून रिकामी बस घेऊन गिसोझीचा चढ चढत होतो. गाळ्यावरून गेलो, स्कोवियाची पाठ दिसली. थोडं वर निलगिरीखाली सोफिया मांडलेली, पोलीस शेजारी दगडावर बसून तोंड पुसत होता. चढावर माझा वेग तो काय असणार, तरी पाय आपोआप ब्रेकवर गेला. आणि वरच्या वळणावर लिबेरची बस दिसली. खाली येत होती, नेहमीपेक्षा जोरात.

हात डिपरच्या दांडीवर होता. बोटं होती दांडीवर, हे खरं. मी दिला नाही.

काय झालं असं? मी काही केलं नाही. कायद्यात कुठे लिहिलंय की डिपर द्यायचा? उलट पोलिसांना विचारलं तर म्हणतील, कायोंगोने बरोबर केलं. जो जोरात चालवतो त्याने भरावं. आम्ही समोरासमोर आलो, त्याने माझ्याकडे बघितलं, मी सरळ पुढे. आरशात बघितलं तर त्याने वेग आणखी वाढवला होता. मला हसूच आलं.

म्हणजे सगळ्यांचा लाडका, साधाभोळा लिबेर असा पळवतो गाडी. बघू दे मादामना.

त्याच दिवशी, संध्याकाळ

गाळा बंद होता. शेजारची फळवाली म्हणाली, तुझी बायको दवाखान्यात गेली, पोरीला घेऊन. मी कसा पोचलो ते आठवत नाही.

मिरेंबे खाटेवर होती, तोंडाला वाफेची नळी. दमा उसळला होता. बसमध्येच सुरू झालं. मदतनीस बाई आज आलीच नव्हती, बाकीची मुलं उतरून गेलेली, आणि तिचा पंप संपलेला. लिबेरने गाडी पळवली ती यासाठी. गाळ्यापाशी थांबून स्कोवियाला उचललं आणि थेट इथे आला. नर्सबाई म्हणाल्या, वेळेत आणलीत.

लिबेर बाहेर बाकावर मिरेंबेचं दप्तर मांडीवर घेऊन बसला होता. मी आभार मानले. मानायलाच हवे होते. तो म्हणाला, “वळणावर मी बावरलो होतो, कायोंगो. दाबावी की नको. मग तू समोरून आलास, डिपर दिला नाहीस. म्हटलं, रस्ता मोकळा आहे. मग दाबली.”

स्कोविया दारात उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

लिबेरला दंडाच्या मेसेजचं तेव्हाच कळलं. मादामचा फोन आला. तो नुसता हो मादाम, चुकलं मादाम, म्हणत राहिला. पोरीचं एका शब्दाने बोलला नाही. फोन ठेवल्यावर मला म्हणाला, सांगू नकोस तूही. आजारी मूल मदतनिसाशिवाय बसमध्ये बसवायचं नाही असा नियम आहे. मिरेंबेची जागा जाईल.

त्याच्या ऐवजी मी का नव्हतो त्या बसमध्ये? माझी लेक आहे. तिला छातीशी धरून दवाखान्यात कुणी न्यायचं? तिथेही हाच पुढे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

मादामनी सगळ्यांसमोर सांगितलं, लिबेरची टर्म आता कोरी राहिली नाही. चहावर बाकीचे तिघे हळहळले. एकाने विचारलं, कायोंगो, तू तर त्याच वेळी वर येत होतास, तुला सोफिया दिसली नाही? माझ्या तोंडून निघून गेलं की नाही, मी गेल्यावर मांडली असणार. लिबेर म्हणाला, असंच झालं असेल, ते लोक क्षणात मांडतात.

खरंच मानतो हा, की मला टोमणा मारतोय? त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नाही. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

मिरेंबे बरी आहे, शाळेत जायला लागली. लिबेरच्याच बसमधून.

स्कोविया मात्र विचित्र वागतेय. रात्री चपातीची कणीक मळता मळता विचारलं, तुम्ही वर गेलात तेव्हा सोफिया नव्हती ना तिथे? म्हटलं, नव्हती. नंतर आली. ती बरं म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. पोरीच्या काळजीने डोकं जागेवर नाही तिचं.

तिने एकदाच सांगून बघितलं, मादामकडे जा, लिबेरने का पळवली ते सांगा. मी म्हटलं, त्यानेच नको म्हटलंय, आणि पोरीची जागा जाईल त्याचं काय? ती म्हणाली, मी हात धरून चालत नेईन तिला. त्याच्यासाठी एवढं? माझ्यासाठी कधी गेली होती का कुणाकडे बोलायला? मी ताट सरकवून उठलो.

सोमवार, २४ नोव्हेंबर

आज डब्यात नुसती चपाती. अंडं नाही. म्हटलं असेल, घाईत विसरली.

शनिवार, २९ नोव्हेंबर

महिन्याचा शेवटचा शनिवार, म्हणजे सकाळी सगळ्या वस्तीने मिळून गटारं साफ करायची, गवत कापायचं. इथे राहायचं तर परक्यांनीही यायचं. माझ्या शेजारीच लिबेर, कोयता चालवत. हात चांगला चालतो त्याचा. तेही चांगलंच असायला हवं ना.

काम संपल्यावर पाणी पिताना म्हणाला, सोमवारी चावी तुला मिळणार, मला बरं वाटलं. आपल्यापैकी कुणाला तरी मिळतेय. मी विचारलं, तुला वाईट नाही वाटत? तो म्हणाला, वाटतं. मग कोयता पुसून घरी गेला.

त्याने नाही म्हटलं असतं तर मला त्याचा राग धरता आला असता. आता दिवसभर नुसता घरात फेऱ्या मारतोय. स्कोविया विचारते, काय झालं? मी म्हणतो, काही नाही. ती पुन्हा विचारते, सांगायचंय का काही? बायका एकदा विचारायला लागल्या की सोडत नाहीत.

सोमवार, १ डिसेंबर

चावी मिळाली. मादामनी हात मिळवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यात आधी लिबेरने. नवी बस वेशीपर्यंत नेऊन आणली. इंजिनाचा आवाजच येत नाही. मी आरसा नीट केला, तर त्यात माझंच तोंड दिसलं आणि मी आरसा पुन्हा हलवला.

घरी येताना मटोकेची हिरवी केळी आणली, मासा आणला. स्कोवियाने शिजवलं. मिरेंबे झोपल्यावर मी चावी टेबलावर ठेवली आणि म्हटलं, उचलून तर बघ.

तिने उचलली नाही. म्हणाली, “त्या दिवशी सकाळच्या बस गेल्या आणि लगेच तो पोलीस तिथे आला. दुपारी माझ्याकडेच जेवला आणि परत जाऊन दगडावर बसला. मी वळून बघत होते तुमच्या गाडीकडे, तुम्ही कधी हात करता का म्हणून. झाडापाशी तुमचे मागचे लाल दिवे लागले, मिरेंबेचे बाबा. चढावर कोण ब्रेक मारतं?”

मी म्हटलं, अगं, समोर एक शेळी आली होती.

ती म्हणाली, “दवाखान्यात लिबेर बोलला तेव्हाच मला सगळं कळलं. मी मादामना सांगू शकले असते. लिबेरला सांगू शकले असते. मी इतके दिवस वाट बघत होते, तुम्ही मला तरी सांगाल म्हणून.”

आणि मग भांडी घासायला बसली. शिव्या दिल्या असत्या तर मीही दिल्या असत्या. पाण्याचा आवाज ऐकत बसलो. शेळीचं मला का सुचलं कुणास ठाऊक.

एकच विचार डोक्यातून जात नाही. लिबेर त्या वळणावर बावरला होता. माझी लेक मागे धापा टाकत होती, आणि त्याने माझ्या गाडीच्या दिव्यांकडे बघून ठरवलं. दंड बसला म्हणून काही बिघडलं नाही. पण पुढे सोफियाच्या जागी दरड असती, उलटलेला ट्रक असता, तर? मी त्याच्यावर इतका जळत होतो की गाडीत कोण बसलंय याचा विचारसुद्धा आला नाही. रोज तीच मुलगी त्याच बसमध्ये असते. मला माहीत होतं.

मंगळवार, २ डिसेंबर

सकाळी मादामकडे गेलो. चावी टेबलावर ठेवली आणि सांगितलं, लिबेरने का पळवली. माझी मुलगी, तिचा दमा, संपलेला पंप. मग तेही सांगितलं जे सांगायचं ठरवून गेलो नव्हतो. मादामनी चावी स्वतःकडे ओढून घेतली. म्हणाल्या, “कायोंगो, डिपर न देण्याबद्दल मी तुम्हाला दंड करू शकत नाही.” मी म्हटलं, माहीत आहे.

चावी लिबेरला मिळाली. दवाखान्याचा कागद येईपर्यंत मिरेंबेची बसमधली जागा बंद. स्कोविया तिला हाताला धरून चालत घेऊन गेली. पोरगी वाटेत रडली आणि तिची समजूत काढायला मी नव्हतो, मी दुसऱ्यांची मुलं पोचवत होतो.

लिबेरला मी स्वतः काही सांगू शकलो नाही.  मादामनी काय सांगितलं, किती सांगितलं, मला माहीत नाही. त्याने चहात साखर घातली, तेवढंच. त्याच्या खिशातून चावी वाजत होती आणि माझ्या पोटात दुखतच होतं. ते इतक्यात जाईल असं वाटत नाही.

दुपारी गिसोझीचा चढ चढत होतो. वरच्या वळणावर तो आला, नवी पांढरी बस घेऊन, उन्हात चमकत. निलगिरीखाली आज कुणी नव्हतं. दगड रिकामा होता, मी नीट बघितलं होतं. तरी माझा हात दांडीवर गेला आणि मी डिपर दिला, एकदा, दोनदा.

पुढे सोफिया नव्हतीच. तरी त्याने वेग कमी केला आणि सगळा उतार हळूहळू उतरत गेला.